आयर्लंडमधलं रिकामं घर घेताना

रॉसकॉमन, लायट्रिमसारख्या काउंटीतल्या छोट्या गावात स्वस्त घर बघताय? ते 2 वर्षांहून जास्त काळ रिकामं आणि 2008 पूर्वी बांधलेलं असेल, तर दुरुस्तीसाठी काउंटी कौन्सिलकडून 50,000 युरोपर्यंत अनुदान मिळू शकतं. मोडकळीला आलं असेल तर 70,000. रिकामेपणाचा पुरावा, म्हणजे जुनी वीजबिलं, विकणाऱ्याकडून करारावर सही करण्याआधीच मागून घ्या; नंतर कोण शोधून देणार? मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत साधं प्लास्टरही खरवडू नका, आधी सुरू केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत. आणि अनुदान येतं काम संपून तपासणी झाल्यावर, त्यामुळे कंत्राटदाराचे पैसे आधी तुम्हालाच उभे करावे लागतात. गावाबाहेरच्या घराची सेप्टिक टँक सर्व्हेअरकडून तपासून घ्याच.