रेस टायमिंगच्या कंपनीत यायचंय? मग हे वाचा

इलेक्ट्रॉनिक्स किंवा आयटी करून चिप टायमिंगमधे, म्हणजे रनरला लावलेल्या चिपवरून रेसचा टाइम घ्यायच्या कामात, यायचं म्हणणारी बरीच मुलं हल्ली भेटतात, त्यांच्यासाठी लिहितोय. आधी या धंद्यातली एक मोठी कंपनी कशी वाढली ते बघा, मायलॅप्स. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या एएमबीने 1982 मधे रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल गाड्यांच्या रेसपासून सुरुवात केली, गाडीत ट्रान्सपाँडर (स्वतःचा नंबर सिग्नलने पाठवणारं छोटं यंत्र) आणि ट्रॅकमधे वायरचा लूप, मग तेच खऱ्या मोटरस्पोर्टपर्यंत गेलं. नेदरलँड्समधल्याच नाइमेखेनच्या चॅम्पियनचिप कंपनीची बुटाच्या लेसला बांधायची चिप, 1996 ला शंभराव्या बॉस्टन मॅरेथॉनमधे 38 हजारांवर रनरनी नाव नोंदवलं होतं तिथे ती वापरली गेली. पुढे 2008 मधे या दोन्ही कंपन्या एकत्र येऊन मायलॅप्स झाली.

माझ्या मते खरी वाढ झाली ती मागच्या रनरमुळे. पुढे धावणाऱ्यांचा टाइम आधीही नीट लागायचा, पण गर्दीत मागे उभ्या असलेल्याला स्टार्ट लाइनपर्यंत पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि गन टाइममधे, म्हणजे रेस सुरू झाल्यापासून मोजलेल्या वेळेत, ती सगळी त्याच्या नावावर पडायची. चिपमुळे त्याला स्वतःचा नेट टाइम, म्हणजे स्टार्ट लाइन ओलांडल्यापासूनचा, मिळाला. फी भरणारे सगळ्यात जास्त तेच, त्यामुळे आयोजकांना चिप घ्यावीच लागली.

आता आपल्याकडे बहुतेक रेसना बिबच्या (छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या) मागे चिकटवलेला यूएचएफ रेडिओवर चालणारा टॅग असतो, एकदा वापरायचा, परत गोळा करायची कटकट नाही. भारतात त्यासाठी 865 मेगाहर्ट्झपासूनचा बँड आहे, अमेरिकेतल्या 902 ते 928 साठी केलेला, टॅग वाचणारा रीडर तसाच आणून इथे लावता येत नाही. आणि शरीरात पाणी भरपूर, ते हे सिग्नल खातं, म्हणून टॅगवर फोमची पट्टी असते. रनर ती काढून टाकतो, बिब घडी घालून बेल्टला लावतो, वर जॅकेट घालतो की टॅग वाचला जाईलच असं नाही. म्हणून फिनिशला मेन मॅटच्या (टॅग वाचणारा अँटेना असलेल्या जमिनीवरच्या पट्टीच्या) पुढे बॅकअप मॅट टाकायचीच, पैसे वाचवायला ही गाळू नका. उरलेल्या बिबचा खोका मॅटजवळ ठेवला तर न आलेले लोकही धावायला लागतात, तो लांब ठेवायचा.

मॅटवरून जाताना एकच टॅग बऱ्याच वेळा वाचला जातो. त्यातला कुठला धरायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं, साधारण स्टार्टला शेवटचा आणि फिनिशला पहिला. स्टेडियममधल्या स्प्रिंटला मात्र फोटो फिनिश, म्हणजे फिनिश लाइनवरचा कॅमेराच लागतो, कारण तिथे निकाल छातीवर ठरतो आणि टॅग कुठे लटकतोय याला काही अर्थ नाही.

काम रविवारी पहाटेचं, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. फक्त कोडिंग येणारी मुलं खूप येतात, पण अंधारात मॅट टेपने चिकटवून, केबल तपासून, नंतर हेल्प डेस्कवर "माझा रिझल्ट दिसत नाही" म्हणणाऱ्या काकांचं शांतपणे ऐकून स्प्लिट (वाटेतल्या मॅटवरचे टाइम) आणि फोटोवरून त्यांचा टाइम शोधून देणारी कमी मिळतात, आणि मला तीच हवी असतात. एसक्यूएल आणि एक्सेल पक्कं करा, जवळच्या रेसला टायमिंग टीमकडे व्हॉलंटियर म्हणून जा. इंटरव्ह्यूला मी कच्च्या रीड्सची फाइल देतो, त्यात डबल रीड असतात, स्टार्ट नसलेले बिब असतात, त्यातून एज ग्रुपप्रमाणे रिझल्ट काढून दाखवायचा असतो.