अंगठ्याचा ठणका अंगावर काढू नका
रात्री काहीही त्रास नसताना पहाटे पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी असह्य ठणका लागून जाग आली, सांधा लालबुंद, गरम व सुजलेला दिसला आणि त्यावर चादरीचा स्पर्शही सोसवेना, तर ती केवळ मुरगळ समजू नये. गाऊटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिड या शरीरातील टाकाऊ द्रव्याचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताचा, पहिला झटका बहुधा असाच येतो. वेदना साधारणपणे 24 तासांच्या आत शिगेला पोहोचते व एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. इथेच अनेकांची फसगत होते, कारण सांध्यातील युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक तसेच राहतात. ऐन झटक्यात रक्तातील युरिक अ‍ॅसिड सामान्यही आढळू शकते. म्हणून दुखणे शमल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. सोबत ताप असल्यास मात्र सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.