आर्टिकलशिप चालू आहे? मग सरांकडून शिकताना या चुका टाळा

कोल्हापुरात सीएची प्रॅक्टिस करतो, ऑफिसात कायम पाच-सहा आर्टिकल्स असतात, म्हणजे सीए होण्याआधी हाताखाली प्रत्यक्ष काम शिकणारी पोरं. नवी बॅच आली की त्याच त्या चुका परत सुरू होतात, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. सीएचा कोर्स करणाऱ्या पोरांना एक गोष्ट आयती मिळते जी बाकीच्या बहुतेक कोर्सवाल्यांना शोधत फिरावं लागतं, ती म्हणजे तुमच्या कामावर सही करणारा आणि म्हणून ते काम नीट बघणारा एक अनुभवी माणूस. तुमची चूक निघाली तर त्याचंच नाव खराब होणार असतं, त्यामुळे तो शिकवतो ते मनापासून शिकवतो. प्रॅक्टिसची वर्षं बघून एका सीएला जास्तीत जास्त १० आर्टिकल्स घेता येतात, ती मर्यादा उगाच नाहीये, एका माणसाच्या हाताखाली किती पोरं खरंच तयार होऊ शकतात त्याचा तो हिशोब आहे. आणि आता नव्या स्कीममध्ये, म्हणजे १ जुलै २०२३ पासून, आर्टिकलशिप ३ वर्षांवरून २ वर्षांवर आलीय. वेळ कमी झालाय, तेव्हा चुका करायलाही कमी जागा आहे.

डमी आर्टिकलशिप

हे सगळ्यात आधी लिहितो कारण याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. आर्टिकलशिपच्या नोंदणीचा फॉर्म १०३ भरायचा, नाव कुठल्यातरी ऑफिसात लावायचं आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचं. स्टाईपेंड खात्यात येतो तो काही जण रोख परत करतात म्हणे. सीए इन्स्टिट्यूटच्या नियमात हे गैरवर्तन आहे, पोराचं ट्रेनिंग रद्द होऊ शकतं आणि सीएवरही कारवाई होऊ शकते, पण ते बाजूला ठेवा. मला पोरांचा हा हिशोबच कळत नाही. पेपर सुटतील, मान्य. पण फायनल झाल्यावर तुम्ही कुणासमोर तरी बसणार आहात ना?

माझ्याकडे क्वालिफाईड झालेली मुलं नोकरीसाठी येतात तेव्हा मी अकाउंटिंग स्टँडर्ड वगैरे काही विचारत नाही. एवढंच विचारतो की वाउचिंग करताना, म्हणजे खर्चाच्या नोंदी कागदांशी ताडून बघताना, कुठल्या वाउचरला अडलास आणि मग काय केलंस. ज्यानं खरं काम केलंय तो लगेच सुरू होतो, सर एका ट्रान्सपोर्टवाल्याला एकाच दिवशी तीन कॅश वाउचर होती, प्रत्येक रोखीच्या मर्यादेच्या थोडं खाली, मग मी बेरीज केली आणि असं असं. आणि ज्यानं डमी केलीय तो पुस्तकातली व्याख्या सांगतो. दोन मिनिटंही लागत नाहीत कळायला. रँक चांगली असलेली पोरंही अशी अडकलेली बघितलीत आणि खरं सांगतो वाईट वाटतं, कारण हुशार असतात, फक्त त्यांच्या चुका कुणी वेळेवर काढलेल्याच नसतात. फायनलच्या आधी ट्रेनिंग संपवून ६ महिने अभ्यासाला मिळतात. अभ्यासाला वेळ नाही म्हणून डमी केली हे कारण मला तरी पटत नाही.

शंका गिळणं

ही दुसरी मोठी. सरांना विचारलं तर सर काय म्हणतील, एवढं पण येत नाही म्हणतील, म्हणून पोरं शंका गिळतात आणि कागदावर हिरवी टिक मारून मोकळी होतात.

एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, उदाहरण सांगतो. ३१ मार्चची संध्याकाळ, स्टॉक व्हेरिफिकेशनला दोन आर्टिकल्स पाठवलेले, एक फायनलच्या तोंडावर आलेला सीनियर मुलगा आणि एक पहिल्याच वर्षाची मुलगी. फाउंड्रीत स्टॉक मोजणं किचकट असतं, पिग आयर्न आणि स्क्रॅपचे ढीग, सँड, अर्धवट झालेलं कास्टिंग, शिवाय मशीनिंगला जॉबवर्कवाल्याकडे पडलेला माल वेगळा. सीनियरनं काय केलं, स्टोअरकीपरकडून शीट घेतली, केबिनमध्ये बसला, आकडे टॅलीशी जुळवले, सगळीकडे टिक. ही मुलगी मात्र शीट घेऊन फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) शेडमागं गेली जिथं फिनिश्ड कास्टिंग म्हणून माल दाखवला होता. तिथं ढीग होता, वजनही साधारण जुळत होतं. पण तिला वाटलं हे एवढं गंजलंय कसं, आणि काही नगांवर लाल रंगाचा पट्टा का आहे. कास्टिंगवर हीट नंबर उठवलेला असतो, त्यावरून तो नग कुठल्या ओतकामाचा आहे ते कळतं. तिनं तिथल्या पोराला तो कसा वाचायचा विचारलं, तर बरेचसे नग दोन वर्षांपूर्वीचे निघाले.

मला फोन केला. पहिलं वाक्य हे, की सर, शंका अगदी साधी आहे, विचारू का? मी म्हटलं, बाई तू आधी हीट नंबरचे फोटो काढ आणि फेटलिंगच्या मुकादमाला गाठ, ऑफिसातल्या कुणाला नको. मुकादम म्हणाला, ताई हे रिजेक्शनचं हाय, कस्टमरनं परत पाठवल्यालं, भट्टीत जायचंय. म्हणजे जो माल परत वितळवायचा आहे तो विक्रीच्या मालाच्या भावानं पुस्तकात बसलेला. लागलेली किंमत किंवा विकून मिळेल ती रक्कम, दोन्हीत जे कमी ते, हा नियम सीनियरला तोंडपाठ होता, परीक्षेत त्यानं तो पान भरून लिहिला असता. आणि याच स्टॉकवर बँकेची कॅश क्रेडिट लिमिट चालते, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे बँकेतून किती पैसे उचलता येतील ते, निघते, म्हणजे हा आकडा फुगला की पुढचं सगळंच फुगलं.

सीनियरला दुसऱ्या दिवशी समोर बसवलं. ओरडलो नाही. तो म्हणाला, सर स्टोअरकीपर म्हणाला बरोबर आहे आणि उशीर पण झाला होता. एवढंच कारण. त्याला घेऊन परत त्याच शेडमागं गेलो आणि पूर्ण यादी त्याच्याकडूनच नव्यानं करून घेतली, हीट नंबरसकट.

मालकाबरोबर मीटिंग झाली तेव्हा दोघांनाही बरोबर नेलं. मालक आधी चिडले, एवढी वर्षं कुणी बोललं नाही म्हणाले, नंतर चहा आला, मग आकडे समोर ठेवले, शेवटी भाव खाली आणायला तयार झाले. क्लायंटला न दुखवता पण मागं न हटता कसं बोलायचं हे कुठल्याच मॉड्यूलमध्ये नाही, ते शेजारी बसूनच शिकता येतं. ती मुलगी त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, पण पुढच्या वेळी दुसऱ्या क्लायंटकडे तिनं स्वतः असाच विषय काढला, मी फक्त मान हलवत होतो.

माझी सवय अशी आहे की नव्या आर्टिकलला पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी एकच विचारतो, आज काय विचित्र वाटलं? काही नाही असं सलग काही दिवस आलं की मी त्याची फाईल उघडून बसतो. तुमचे सर हे विचारत नसतील तर तुम्ही आपणहून सांगायला लागा.

"सर थोडं गाईड करा ना"

लिंक्डइनवर, व्हॉट्सअॅपवर, ऑफिसातसुद्धा. याचं उत्तर काय द्यायचं? गाईड करा म्हणजे नेमकं काय करू? असा प्रश्न विचारणाऱ्याला "अभ्यास कर, सगळं होईल" असंच उत्तर मिळतं आणि मग तो म्हणतो मेंटॉरचा काही उपयोग नसतो.

प्रश्न असा यायला पाहिजे: सर, या पार्टीचं पेमेंट ४५ दिवसांच्या पुढं गेलंय, उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे पण ते ट्रेडर म्हणून आहे, त्यामुळे माझ्या मते खर्च नामंजूर करायचा नियम इथं लागत नाही, बरोबर आहे का? बघा, यात पोरानं सर्टिफिकेट उघडून बघितलंय, नियम वाचलाय, स्वतःचं मत बनवलंय, आता फक्त ते तपासून घेतोय. अशा प्रश्नाला मी जेवण बाजूला ठेवून उत्तर देतो. आमच्याकडे नियमच आहे, प्रश्न घेऊन या पण आपलं उत्तर पण घेऊन या, चुकीचं असलं तरी चालेल. चुकीच्या उत्तरावरूनच मला कळतं की याचं नक्की कुठं अडलंय.

करिअरचंही तेच. "सर पुढं काय करू" पेक्षा "सर मला टॅक्सपेक्षा ऑडिटमध्ये मजा येते पण घरी प्रॅक्टिस टाक म्हणतात, तुम्ही हे कसं ठरवलंत" हा प्रश्न विचारा, तासभर बोलेन.

क्लायंटनं दिलेला कागद म्हणजे पुरावा समजणं

सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण ७ जानेवारी २००९ ला बाहेर आलं तेव्हा तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतःच्याच पत्रात कबूल केलं की बँक आणि रोख शिलकेतले ५०४० कोटी रुपये नव्हतेच. आत्ताच्या पोरांना हे परीक्षेतली केस म्हणून माहीत असतं. आणि तीच पोरं बँकेचं कन्फर्मेशन, म्हणजे खात्यात किती शिल्लक आहे याचं बँकेचं पत्र, क्लायंटच्या अकाउंटंटला सांगतात आणून द्यायला! कन्फर्मेशन आपण पाठवायचं, उत्तर थेट आपल्याकडे आलं पाहिजे. यात तडजोड नाही.

एआयला विचारून नोटिशीचं उत्तर

वापरू नका असं मी म्हणत नाही, मसुद्याची भाषा नीट करायला मी पण वापरतो. पण त्यानं दिलेला निकाल मूळ साइटवर जाऊन उघडून वाचल्याशिवाय माझ्या टेबलवर आणायचा नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये दिलेला स्वतःचाच एक आदेश आयकर अपील न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाला मागं घ्यावा लागला होता कारण त्यात दिलेले काही निकाल अस्तित्वातच नव्हते. तिथं असं होऊ शकतं तर आपण कोण. शिवाय माझी खरी तक्रार वेगळीच आहे, एआयकडून तयार उत्तर आणलेल्या पोराला "हे असंच का?" विचारलं की तो गप्प, मग मी शिकवायचं तरी काय आणि कुठून?

आता बाकीच्या पटापट.

फर्म निवडताना फक्त नाव बघणं. मोठ्या फर्ममध्ये एकाच विषयात खोल जाल, छोट्या ठिकाणी जीएसटीपासून नोटिशीपर्यंत सगळं हाताखालून जाईल, दोन्ही चांगलं आहे. पण ज्या माणसाच्या हाताखाली बसणार तो कामाला वेळ देतो का हे तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन आर्टिकल्सना विचारा, बाहेर पडलेल्यांना, आत असलेल्यांना नाही.

गेल्या वर्षीची फाईल कॉपी करून वर्ष बदलणं. करू नका, एवढंच.

फक्त सरांनाच मेंटॉर मानणं. क्लायंटकडे तीस-तीस वर्षं खाती लिहिणारे काका असतात, त्यांना डिग्री नसेल पण कुठली पार्टी कधी आणि का अडते हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याशी नीट बोला, त्यांना नावानं हाक मारू नका, काका म्हणा, आणि त्यांच्याबरोबर डबा खा. ऑफिसमधला सीनियर आर्टिकल तर रोजचाच गुरू आहे.

वही न ठेवणं. एकदा सांगितलेलं लिहून घ्या, तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली की माझाही आवाज चढतो.

चूक लपवणं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टॅक्स ऑडिटच्या गडबडीत लपवलेली चूक पुढं नोटीस होऊन परत येते. त्याच दिवशी सांगितलीत तर दहा मिनिटांचं काम असतं.

सहा महिन्यांत कंटाळून ट्रान्सफरच्या मागं लागणं. पहिले सहा महिने सगळीकडेच वाउचिंग आणि डेटा एन्ट्री असते. वाउचर हाताखालून गेल्याशिवाय धंदा कसा चालतो ते कळत नाही, ताळेबंद हातात द्यायची घाई करू नका.

आता याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पोरं म्हणतील सरांची बाजू घेतली. काही ऑफिसात आर्टिकलला वर्षभर बँकेत चेक भरायला, झेरॉक्स काढायला आणि साहेबांच्या घरची बिलं भरायला पाठवतात. हे चूक आहे आणि गप्प बसू नका. मात्र "मला चांगलं काम द्या" असं मोघम बोलू नका. जाऊन सांगा, सर, अमुक क्लायंटच्या ऑडिटला मला पाठवा, डेटर्सचं (येणं असलेल्या पार्ट्यांचं) पूर्ण काम मी करतो आणि पेपर्स तुम्हाला दाखवतो. बहुतेक सर खूश होतात, कारण जबाबदारी मागणारं पोर क्वचित भेटतं. दोन-तीनदा असं मागूनही नाहीच म्हणाले तर मात्र ट्रान्सफरचा विचार जरूर करा, तिथं मी तुमच्या बाजूनं आहे.

आणि ट्रेनिंग पूर्ण झाल्याच्या फॉर्म १०८ वर सही झाली की पोरं गायब होतात, फायनल सुटली की पेढे घेऊन येतात आणि परत गायब. खरी गरज तर त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लागते, पहिली नोकरी सोडायची का, पार्टनरशिपची ऑफर आलीय तर डीडमध्ये काय बघायचं, फी किती सांगायची, क्लायंट चुकीच्या कागदावर सही मागतोय तर नाही कसं म्हणायचं. यूडीआयएन, म्हणजे सीएनं सही केलेल्या प्रत्येक कागदाचा ओळख क्रमांक, आता तुमच्या नावानं निघत असतो आणि शेजारी कुणी नसतं. तेव्हा फोन करा. ती फाउंड्रीवाली मुलगी आता पुण्यात नोकरीला आहे, अजून महिन्या-दोन महिन्यांनी रात्री नऊच्या पुढं फोन येतो, आणि हल्ली निम्म्या वेळा मीच तिला इंड एएसमधलं (मोठ्या कंपन्यांच्या अकाउंटिंग स्टँडर्डमधलं) काहीतरी विचारत असतो.