लेव्हलला रेटिंग देताना या चुका टाळा

व्हिडिओ गेममध्ये खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या लेव्हलच्या, म्हणजे खेळाच्या टप्प्यांच्या, स्पर्धांमध्ये मतं तपासायचं आणि तक्रारी निस्तरायचं काम मी बरीच वर्षं करतोय. गेम बदलतात, रेटिंग देणाऱ्यांच्या चुका काही बदलत नाहीत. समोरच्याने रात्री जागून बनवलेली लेव्हल आपण चहा निवायच्या आत निकालात काढतो आणि वर म्हणतो, 'मी तर प्रामाणिक मत दिलं!'

हरल्याचा राग स्टारवर काढणं

हा सगळ्यात जुना रोग. तिसऱ्या काट्यावर चार वेळा मेला, दिला एक स्टार, शेरा 'इम्पॉसिबल आहे'. अरे, 2015 च्या सुपर मारिओ मेकरमध्ये बनवणाऱ्याने स्वतः पार केल्याशिवाय लेव्हल अपलोडच होत नव्हती. जॉमेट्री डॅशमध्येही तेच, आणि तिथे प्रॅक्टिस मोडमधलं पार करणं धरत नाहीत. म्हणजे 'इम्पॉसिबल' हा शेरा तिथे मुळातच खोटा ठरतो.

पण बनवणाऱ्याने पार केली म्हणून लेव्हल चांगली, असंही नाही. त्याला प्रत्येक सापळा पाठ असतो. म्हणून मी मेल्यावर एकच गोष्ट बघतो: का मेलो ते कळलं का? काटा दिसत होता, उडी उशिरा मारली, तर लेव्हल कठीण आहे आणि चूक माझी. स्क्रीनच्या बाहेरून, कसलीही चाहूल न देता दगड डोक्यात पडला, किंवा खाली काय आहे ते न दाखवता आंधळी उडी मारायला लावली, तर तो डिझाइनचा दोष. तिथे खुशाल स्टार कापा. यालाही अपवाद आहे. ट्रोल लेव्हलमध्ये फसवणं हाच खेळ असतो. तिथे 'मला फसवलं' अशी तक्रार करणाऱ्याने आधी टॅग वाचावा. फसल्यावर हसू आलं का, एवढंच तिथे बघायचं.

स्वतःचं यंत्र न तपासता लेव्हलला नावं ठेवणं

एका स्पर्धेत तालावर चालणारी लेव्हल आली होती. प्रत्येक उडी ठोक्यावर, फार नेटकं काम. पण एक-एक स्टारचा पाऊस पडायला लागला. 'टायमिंग गंडलंय.' 'गाणं एकीकडे, काटे दुसरीकडे.' बनवणारा पोरगा घाबरला आणि त्याने सगळे काटे थोडे पुढे सरकवले. झालं, ज्यांना आधी नीट जमत होतं तेही आता मरायला लागले.

मी एका तक्रारदाराकडून रेकॉर्डिंग मागवलं. त्यात आवाज आणि काटे अगदी जुळलेले! फक्त हा पठ्ठ्या प्रत्येक उडी उशिरा मारत होता, आणि दर वेळी तेवढ्याच फरकाने. अंदाजाने खेळणारा कधी लवकर मारतो, कधी उशिरा. इतका सारखा उशीर यंत्राचाच असतो. विचारलं तर कानात ब्लूटूथ इअरफोन. त्यात आवाज 150 मिलिसेकंद उशिरा पोचणं काही विशेष नाही. सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये ती नऊ फ्रेम झाली. रेकॉर्डिंग गेमच्या आतून होतं, त्यामुळे त्यात हा उशीर दिसत नाही. त्याला म्हटलं, वायरवाले लाव. लावले, तो भाग पार झाला, आणि त्याने गुपचूप एकाचे चार स्टार केले. बाकीचे मात्र परत फिरकलेच नाहीत. काटे जागेवर आले, मतं तशीच राहिली आणि लेव्हल यादीत तळाला गेली.

तेव्हापासून मी रेटिंगला बसलो की आधी हाताला बसलेली एखादी जुनी लेव्हल खेळून बघतो. तीच जड वाटली तर दोष नव्या लेव्हलचा नाही. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड, म्हणजे चित्राचा उशीर कमी करणारी सेटिंग, चालू आहे ना, ते बघा. याला काही लागत नाही, पण नवख्यांना तेवढाही धीर नसतो.

बाकीच्या, थोडक्यात

थंबनेल बघून मत देऊ नका. बनवणाऱ्याचं नाव बघून तर मुळीच नाही. मी नाव झाकूनच खेळतो. 'तू मला पाच दे, मी तुला पाच देतो' हा धंदा लगेच पकडला जातो, कारण तीच नावं एकमेकांखाली पुन्हा पुन्हा दिसतात. एका बैठकीत ढीगभर लेव्हल तपासू नका. सुरुवातीच्या लेव्हलला हात सैल असतो, शेवटी सगळ्यांवर चिडचिड निघते. मी शेवटी पहिल्या दोन पुन्हा खेळतो आणि लाज वाटली तर आकडा बदलतो.

पाच नाहीतर एक, अधलंमधलं काही नाहीच, ही सवयही सोडा. यूट्यूबवर बहुतेक लोक पाचच स्टार देत होते, म्हणून 2010 मध्ये त्यांनी स्टार काढून अंगठे आणले. आपणही तसंच वागणार असू तर पाच स्टार हवेत कशाला? मी आधी एक ओळ लिहितो, आकडा नंतर. ओळ सुचली नाही तर लेव्हल नीट खेळलोच नाही, असं समजतो.

आयोजकांसाठी

नुसत्या सरासरीने क्रम लावू नका. पाच मित्रांनी पाच-पाच दिले की 5.0, आणि 300 जणांनी खेळलेली चांगली लेव्हल 4.5 वर, म्हणजे खाली. प्रत्येक लेव्हलला आधीच तीन स्टारची दहा खोटी मतं धरा. मित्रांची लेव्हल 3.67 वर येते, दुसरी 4.45 वर राहते. बोर्डगेमगीक या बोर्ड गेमच्या वेबसाइटवरची क्रमवारीही अशीच खोटी मतं मिसळून लावतात. 'हा अन्याय आहे' म्हणणारे तेच असतील, ज्यांना पाच मित्र आहेत.

आणि लेव्हलची सुधारलेली आवृत्ती आली की जुनी मतं बाजूला काढून ती नव्याने खेळवा. वर सांगितलेल्या पोराच्या वेळी नियमावलीत ही तरतूद नव्हती, आता आम्ही घातली आहे.