बेरीज शून्य येत होती तेव्हा
संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमात सरावासाठी मिळालेल्या एक्सेल फाइलमध्ये गुणांच्या रकान्याची बेरीज ‘सम’ फंक्शनने शून्यच येत होती. मात्र तेच सेल (तक्त्यातील चौकटी) अधिक चिन्हाने जोडले की उत्तर बरोबर येई. नीट पाहिल्यावर लक्षात आले की सगळे आकडे सेलच्या डाव्या कडेला होते, तर एक्सेल संख्या एरवी उजवीकडे ठेवते. म्हणजेच ते मजकूर म्हणून साठवलेले होते, आणि रकान्यातला मजकूर ‘सम’ बेरजेत धरतच नाही. सेलचे फॉरमॅट ‘नंबर’ करून (हा उपाय सगळेच आधी सुचवतात) काहीही फरक पडला नाही. मग एका रिकाम्या सेलमध्ये १ लिहून तो कॉपी केला आणि गुणांचा रकाना निवडून पेस्ट स्पेशलमधील ‘मल्टिप्लाय’ (कॉपी केलेल्या संख्येने गुणण्याचा पर्याय) वापरले, तेव्हा आकडे उजवीकडे सरकले आणि बेरीज दिसली.