डेलिलीची रोपे पावसात कुजत होती, तेव्हा
गुहागरच्या आमच्या आगरात घरच्या बियांपासून वाढवलेली डेलिलीची, म्हणजे लिलीसारखी फुले येणाऱ्या शोभेच्या झाडाची, रोपे सलग दोन वर्षे आषाढात कुजली. पात हलकेच ओढली तरी ती बुडाशी मऊ, तपकिरी होऊन हातात येई. चूक पेरणीच्या वेळेची आणि निचऱ्याची होती. म्हणून शेंगा तडकताच काढलेले काळे, चकचकीत बी फ्रिजमध्ये जपून ऑक्टोबरात पेरले आणि पुढील पावसाआधी रोपे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या, वाळू मिसळलेल्या वीतभर उंच वाफ्यात हलवली. या वाफ्यात बहुतेक रोपे तगली. संकरित झाडाच्या बियांतून आईसारखेच फूल येत नाही, त्यामुळे निवड अटळ असते. फूल जेमतेम एक दिवस टिकत असल्याने मी आधी दांड्यावरील कळ्या मोजतो, मगच रंग पाहतो. गेल्या वर्षी एक सुरेख जांभळे रोप केवळ चारच कळ्या धरत असल्याने, मन घट्ट करून, काढून टाकले.