पायथनची लिस्ट : एरर न देता फसवणाऱ्या या चुका टाळा

नवशिके लाल अक्षरांतल्या एररला घाबरतात. पण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लिस्टच्या, म्हणजे घटकांच्या क्रमवार यादीच्या बाबतीत एरर आली तर बरंच म्हणायचं, निदान गाडी कुठल्या ओळीवर अडली ते तरी कळतं. ५ घटकांच्या लिस्टमध्ये इंडेक्स, म्हणजे घटकांच्या जागांचे क्रमांक, ० ते ४ असतात. ५ मागितला की इंडेक्स एरर येते, आपण आकडा सुधारतो, विषय संपतो. खरा वेळ खातात त्या चुका ज्यांत प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि उत्तर मात्र चुकतं.

लूपमध्ये प्रत्येक घटकाची आधीच्या घटकाशी तुलना करायची म्हणून आपण इंडेक्समधून १ वजा करतो. पहिल्या फेरीत तो होतो -१, आणि पायथनमध्ये -१ म्हणजे शेवटचा घटक. पहिल्याची तुलना शेवटच्याशी होऊन जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. असा लूप १ पासून सुरू करा.

लूप चालू असताना त्याच लिस्टमधून घटक काढणं हे तर हमखास सापडणारं प्रकरण. [२, ४, ५, ६] मधून सम संख्या काढायला गेलात तर उरतं [४, ५]. २ निघाला की ४ त्याच्या जागी सरकतो, लूप मात्र पुढच्या जागेवर गेलेला असतो, म्हणून ४ तपासलाच जात नाही. गंमत म्हणजे हाच कोड [२, ५, ४, ७] वर बरोबर उत्तर देतो. म्हणून चाचणी घेताना काढायचे घटक लागोपाठ येतील अशी लिस्ट मुद्दाम घ्या. आणि काढत बसण्यापेक्षा जे ठेवायचे आहेत त्यांची नवी लिस्ट करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कॉपीचा. 'नवी = जुनी' लिहिल्याने दुसरी लिस्ट तयार होत नाही, एकाच लिस्टवर दोन लेबलं लागतात. नवीत भर घातली की जुनीतही ती दिसते. कॉपी मेथड वापरली की हे थांबतं, पण लिस्टच्या आत लिस्ट असतील तर आतल्या अजूनही सामायिकच राहतात. तिथे आतल्या लिस्टचीही वेगळी कॉपी करणारी डीपकॉपी लागते. हाच घोळ तक्ता बनवताना होतो. ३ शून्यांची एक ओळ करून ती बाहेरच्या लिस्टमध्ये ३ ने गुणली ([[0] * 3] * 3) की तक्ता झाला असं वाटतं. एक चौकट बदला, तिन्ही ओळींत तो स्तंभ बदललेला दिसेल, कारण ओळ मुळात एकच आहे. प्रत्येक ओळ लूपमध्ये वेगळी तयार करा. शंका आली तर दोन्ही नावांचा आयडी प्रिंट करून पाहा, आकडा सारखा म्हणजे लिस्ट एकच.

फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट (काहीच न दिल्यास वापरायची किंमत) म्हणून रिकामी लिस्ट देणं याच जातीचं. ती लिस्ट पायथन फंक्शनची व्याख्या वाचतो तेव्हा एकदाच बनते, दर वेळी फंक्शन बोलावल्यावर नाही, म्हणून मागच्या वेळचे घटक पुढच्या वेळी हजर! डिफॉल्ट नन (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवा आणि लिस्ट आत बनवा.

क्रम लावणारी सॉर्ट मेथड आहे ती मूळ लिस्टच बदलते आणि परत देते नन. तिचं उत्तर पुन्हा त्याच नावात साठवलंत तर लिस्ट हातची जाते. मूळ क्रमही हवा असेल तर क्रम लावलेली नवी लिस्ट देणारं सॉर्टेड वापरा. तसंच एका लिस्टचे घटक दुसरीत ओतायचे असतील तर अपेंड नव्हे, एक्स्टेंड. अपेंड अख्खी लिस्ट एकच घटक म्हणून आत बसवतं.